सहा आठवड्यांच्या उन्हाळी संशोधनात गुरांमधला लेप्टो: काय जमतं, काय जमत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पशुवैद्यक पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज मुंबईत, घर कणकवली तालुक्यात. मे-जूनमध्ये सहा आठवडे मिळतात. गुरांमधल्या लेप्टोस्पायरोसिसवर, म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूच्या आजारावर (थोडक्यात लेप्टो), काम करायचं आहे, जमल्यास लघवीतून जिवाणू वाढवून त्याचा प्रकार ओळखायचा आहे. सुरुवात कुठून करू, किती जनावरं घेऊ, आणि एवढ्या दिवसांत हे पुरं होईल का?

विषय ठेवा, जिवाणू वाढवण्याचा विचार सोडा. लेप्टोस्पायरा ईएमजेएच या खास वाढ-माध्यमात २८ ते ३० अंशांवर फार सावकाश वाढतो. नमुन्यातून पहिल्यांदा वाढवताना नळी 'निगेटिव्ह' म्हणण्याआधी ती निदान तीन महिने सांभाळावी लागते आणि अधूनमधून डार्क फील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणू उजळ दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. तुमची सुट्टी त्याआधीच संपते. शिवाय लघवी गोठ्यातच, दोनेक तासांच्या आत माध्यमात जायला हवी. मे महिन्याच्या उन्हात, शेण उडालेल्या जागी घेतलेल्या नळीत लेप्टोच्या आधी बाकीचे जिवाणू माजतात. लघवीवर पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, करता येतो. लिपएल-३२ हे जनुक फक्त रोगकारक प्रकारांत असतं, त्यामुळे ते चांगलं लक्ष्य आहे. पण जनावर जिवाणू सतत बाहेर टाकत नाही, मधूनमधून टाकतं. एका लघवीचा निगेटिव्ह निकाल म्हणूनच फारसं काही सांगत नाही.

उरतं ते रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी, म्हणजे सिरम, आणि त्यातली प्रतिपिंडं, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं. सहा आठवड्यांत नीट पुरी होणारी गोष्ट हीच आहे. मात्र हा निकाल काय सांगतो ते आधी स्पष्ट हवं. कोकणात लेप्टोचा जोर पाऊस सुरू झाल्यावर, चिखल आणि साचलेल्या पाण्याच्या महिन्यांत असतो. मेमध्ये घेतलेल्या रक्तात बहुतेक करून गेल्या पावसाळ्याच्या किंवा त्याआधीच्या संसर्गाची खूण सापडेल. 'या जनावराचा कधीतरी लेप्टोशी संबंध आला' एवढं म्हणता येईल. 'आता आजारी आहे' म्हणायला दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने आणि टायटरमध्ये (सिरम किती पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह राहते त्या आकड्यात) चौपट वाढ लागते. त्यामुळे शीर्षकात 'प्रादुर्भाव' किंवा 'साथ' असे शब्द नकोत, 'प्रतिपिंडांचं प्रमाण' लिहा. परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात.

चाचणी कोणती? संदर्भ चाचणी म्हणजे मॅट, मायक्रोस्कोपिक अ‍ॅग्लुटिनेशन. ती जिवंत जिवाणूंवर होते. ४ ते ८ दिवसांचं ताजं कल्चर (माध्यमात वाढवलेले जिवाणू), मिलिलिटरला सुमारे २ × १०^८ जिवाणू, ९६ खणांची प्लेट. प्रत्येक खणात १:५० पातळ केलेलं ५० मायक्रोलिटर सिरम आणि तितकंच अँटिजेन (इथे ते जिवंत कल्चरच), म्हणजे अंतिम पातळी १:१००. तीस अंशांच्या आसपास दोन तास ठेवून डार्क फील्डखाली पाहायचं. फक्त अँटिजेन आणि बफर असलेल्या नियंत्रण खणाच्या तुलनेत निम्मे किंवा त्याहून कमी जिवाणू मोकळे दिसले, तर तो खण पॉझिटिव्ह.

आता साधा हिशोब करा. ९० जनावरं आणि १२ सेरोव्हार (लेप्टोचे प्रतिपिंडांवरून वेगळे ओळखले जाणारे उपप्रकार) म्हणजे १,०८० खण, तेही फक्त पहिल्या चाळणीचे. नियंत्रणाचे खण वेगळे. एका खणाला एक मिनिट धरलं तरी अठरा तास सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं, आणि थकलेला डोळा 'निम्मे' कुठे ते ओळखत नाही. सेरोव्हार ६ ते ८ वर आणा. ८ घेतले तर ७२० खण, नियंत्रणं धरून आठ प्लेट. रोज दोन प्लेट वाचल्या तर चार दिवसांत चाळणी होते. मग जे पॉझिटिव्ह येतील त्यांचंच टायटर १:२००, १:४००, १:८०० असं पुढे नेत काढायचं. कोणते आठ ते प्रयोगशाळा ठरवेल, तिथे जी कल्चर्स जिवंत आणि तपासलेली आहेत त्यांतूनच. हार्डजो मात्र असायलाच हवा, कारण गाय ही त्याची स्वाभाविक यजमान. त्याबरोबर पोमोना, ग्रिप्पोटायफोसा, ऑटमनॅलिस, इक्टेरोहेमोरॅजिये हे साधारणपणे घेतले जातात. दोन सावधानता अहवालात लिहाच. एक, मॅटमध्ये एका सेरोव्हारविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याशीही जुळतात, म्हणून सर्वांत जास्त टायटर आलेला सेरोव्हारच संसर्गाचं कारण असं ठामपणे म्हणता येत नाही. दुसरी, हार्डजो वर्षानुवर्षं मूत्रपिंडात बाळगणाऱ्या गाईचं टायटर १:१०० च्या खालीही असू शकतं.

मॅट कुठेही होत नाही. जिवंत कल्चर दर आठवड्याला नव्या माध्यमात टाकत सांभाळणारी प्रयोगशाळा लागते. कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य विभागात ती सोय आहे का, हे नोव्हेंबरातच विचारा. नसेल तर मार्गदर्शकांमार्फत जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या बंगळुरूच्या 'निवेदी'सारख्या संस्थेशी बोलणी करता येतात, पण ती विद्यार्थ्याने परस्पर ईमेल धाडून होत नाहीत. दोन्ही जमलं नाही तर हार्डजोची एलायझा किट घ्या, ती रंग बदलून प्रतिपिंडं दाखवते आणि तिला जिवंत कल्चर लागत नाही. प्रश्न आपोआप लहान होतो आणि कामही सुटसुटीत होतं. मला यात काही कमीपणा वाटत नाही. आठ सेरोव्हारची अर्धवट वाचलेली मॅट करण्यापेक्षा एका सेरोव्हारची नीट केलेली एलायझा कधीही चांगली.

किती जनावरं, याचं उत्तर सूत्रातून काढायचं. प्रतिपिंडांचं प्रमाण २० टक्के असेल असा अंदाज धरला आणि उत्तरात अधिक-उणे १० टक्क्यांची ढिलाई चालणार असेल, तर ६२ जनावरं पुरतात. ढिलाई ५ टक्क्यांवर आणली की २४६ लागतात, ती सहा आठवड्यांत शक्य नाहीत. कोकणात मात्र एका घरी दोन-तीनच गुरं असतात आणि एकाच गोठ्यातली गुरं एकसारखंच पाणी पितात, एकाच चिखलात उभी राहतात. त्यांचे निकाल एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून संख्या वाढवावी लागते. घरटी तीन गुरं आणि गटातलं साधर्म्य ०.२ धरलं तर गुणक १ + (३ − १) × ०.२ = १.४, म्हणजे ६२ ची ८७ होतात. हेच एका मोठ्या गोठ्यातून दहा-दहा घेतली तर गुणक २.८ आणि संख्या १७४. म्हणून पुष्कळ घरांमधून थोडी थोडी गुरं घ्या. तीन-चार गावं, प्रत्येकातल्या दोन-तीन वाड्या. घरांची यादी ग्रामपंचायतीकडून किंवा दवाखान्याच्या लसीकरण नोंदीतून घेऊन चिठ्ठ्या टाका. रस्त्याकाठची, ओळखीची घरं तेवढी घेतली की अभ्यास तिथेच लुळा पडतो.

परवानग्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. शेतकऱ्यांच्या जनावरांचं रक्त संशोधनासाठी काढायचं असेल तर दोन पानांचा आराखडा कॉलेजच्या प्राणी नीती समितीपुढे डिसेंबर-जानेवारीत जायला हवा. समितीने 'मंजुरी लागत नाही' म्हटलं तरी तेही लेखी घ्या, पुढे शोधनिबंध पाठवताना तो कागद मागतात. दुसरं पत्र जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना. त्यांना गाव, तारखा, जनावरांची संख्या आणि निकाल कधी देणार ते लिहून कळवा. त्यांच्या माणसाबरोबर गोठ्यात गेलात की दार उघडतं. एकटे गेलात तर 'गाय गाभण आहे, टोचू नको' हे पहिलं वाक्य ऐकू येईल. शेतकऱ्याचं संमतिपत्र साध्या मराठीत, एका पानाचं: किती रक्त घेणार, कशासाठी, निकाल कोण सांगणार, नाही म्हटलं तरी दवाखान्याची सेवा थांबणार नाही.

स्वतःची तयारीही आधीच हवी. रेबीजचे आगाऊ डोस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असतात, ते एप्रिलपूर्वी संपवा. गमबूट आणि हातमोजे घ्या. पायाला जखम असेल तर त्या दिवशी ओल्या गोठ्यात उतरू नका. नुकत्याच गाभडलेल्या गाईची वार किंवा गर्भ 'नमुना मिळाला' म्हणून उचलू नका. ते ब्रुसेलाचं (गाई गाभडवणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या रोगाच्या जिवाणूचं) सर्वांत धोक्याचं साहित्य असतं आणि विद्यार्थ्याच्या कामात त्याची गरज नाही.

आता गोठ्यातलं काम. प्रयोगशाळेत बिघडलेला निकाल पुन्हा काढता येतो, गोठ्यात बिघडलेला नमुना सुधारत नाही. मेमध्ये आंब्याची गडबड असते आणि गुरं सकाळी सोडली की कातळावर, माळावर पांगतात. त्यामुळे साडेसहा ते नऊ एवढाच वेळ खरा. एका सकाळी ६ ते ८ जनावरं हे ठीक प्रमाण आहे. कोकण कपिला, म्हणजे कोकणातली देशी गाय, अंगाने लहान आणि चपळ, अनोळखी माणसाला बिथरते. दावं धन्याच्याच हातात असू द्या आणि शेपटीची शीर वापरा. शेपटी सरळ वर उचलून, खालच्या बाजूला बरोबर मध्यभागी, सहाव्या-सातव्या मणक्याच्या दरम्यान १८ किंवा २० गेजची सुई काटकोनात. लाल टोपीच्या साध्या नळीत ५ मिलि पुरे. सुई काढल्यावर एक मिनिट कापसाने दाबून धरा.

सिरम लालसर येणं, म्हणजे रक्तपेशी फुटणं, ही पहिल्या आठवड्यातली ठरलेली अडचण. कारणं पाच-सहाच असतात: बारीक सुई, पिस्टन जोरात ओढणं, सुईसकट रक्त नळीत पिचकारणं, स्पिरिट न सुकलेली कातडी, नळी हलवणं, आणि गोठण्याआधीच बर्फात ठेवणं. नळी सावलीत उभी, तासभर, हात न लावता. गोठली की मगच थंड पेटीत, आणि बर्फाच्या पिशवीला न टेकता, मध्ये वर्तमानपत्राची घडी घालून. मोटरसायकलच्या डिकीत ठेवून लाल मातीच्या रस्त्याने नेलेल्या नळ्या निम्म्या वाया जातात, पेटी मागे बसलेल्याच्या मांडीवर असू द्या. त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात किंवा जिल्हा सर्वचिकित्सालयात सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं फिरवा. सेंट्रिफ्यूज नसेल तर गोठलेली नळी ४ अंशांवर रात्रभर तिरकी ठेवा आणि सकाळी वरचं सिरम हलकेच काढा. पूर्ण रक्त कधीही गोठवायचं नाही.

सिरमचे प्रत्येकी अर्धा मिलिचे तीन भाग करा, म्हणजे एकच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही. आठवडाभर ४ अंश चालतं, पुढे उणे २०. वळवाच्या पावसाबरोबर वीज जाते हे गृहीत धरा आणि दर आठवड्याला साठा थर्माकोलच्या पेटीत जेल पॅकसह मुंबईला पोचवा. रात्रीच्या गाडीने नेलं तर उन्हाचा त्रास नाही. घरच्या फ्रिजमध्ये नमुने ठेवू नका, दवाखान्यातल्या लसीच्या फ्रिजमध्येही नकोत. नळीवर पेनने लिहिलेला क्रमांक घाम आणि स्पिरिटने पुसतो. पांढऱ्या चिकटपट्टीवर शिसपेन्सिलीने लिहा, वर पारदर्शक पट्टी लावा.

नोंदवहीत कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे बाराही आकडे उतरवा, शेवटचे चार नकोत. त्या क्रमांकावरून लसीकरणाची नोंद सापडते. प्रश्नावली छोटी ठेवा आणि लोकांच्या शब्दांत विचारा: गेल्या दोन वर्षांत गाय गाभडली का? वार अडकली होती का? भरवली तरी उलटते का? दूध एकाएकी आटलं का? पाणी विहिरीचं की वहाळाचं? पावसाळ्यात गुरं भातशेताच्या चिखलातून जातात का? गोठ्याची जमीन मातीची की कोब्याची, गोठ्यात उंदीर-घुशी दिसतात का? 'गर्भपाताचा इतिहास आहे का' असं विचारलंत तर 'नाय' एवढंच उत्तर मिळेल.

एक जोडकाम जरूर करा. हातात तेच सिरम आहे, तर ब्रुसेलासाठी रोझ बेंगाल चाचणी एका सकाळी होते. सिरम आणि अँटिजेन खोलीच्या तापमानाला आणा. इथे 'खोली' म्हणजे १८ ते २६ अंश, मेमधली कोकणातली उघड्या खिडकीची खोली नव्हे, एसी लावा. पांढऱ्या फरशीवर ३० मायक्रोलिटर सिरम, तितकंच अँटिजेन, दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात मिसळायचं, चार मिनिटं हलवत राहायचं आणि लगेच वाचायचं. सहाव्या मिनिटाला कडा सुकून दाणे दिसायला लागतात, ते पॉझिटिव्ह नव्हेत. शेळ्या घेतल्या, समजा कोकण कन्याळ, तर ७५ मायक्रोलिटर सिरमला २५ अँटिजेन, नाहीतर पॉझिटिव्ह हातचे सुटतात. दर वेळी एक ज्ञात पॉझिटिव्ह आणि एक ज्ञात निगेटिव्ह सिरम बरोबर हवंच. आणि लक्षात ठेवा, २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या पाड्यांना ब्रुसेलाची एस-१९ लस दिली जाते. लस घेतलेली पाडी या चाचणीत पॉझिटिव्ह दिसू शकते. बिल्ल्यावरून लसीची तारीख पाहिल्याशिवाय तिला रोगी ठरवू नका. पॉझिटिव्ह आलेली सगळी एलायझाने पुन्हा तपासा.

प्रयोगशाळेत जाण्याआधी पिपेट तपासा. दहा वेळा १०० मायक्रोलिटर पाणी तराजूवर टाका, प्रत्येक वेळी १०० मिलिग्रॅमच्या जवळ यायला हवं. आकडे वरखाली होत असतील तर हाताचा सराव कमी आहे, सगळे एकाच बाजूला सरकलेले असतील तर पिपेट बिघडलाय. मॅटच्या प्लेट दोघांनी वेगवेगळ्या वाचाव्यात आणि वाचताना नळी कोणत्या गावाची हे माहीत नसावं.

दिवसांची वाटणी साधारण अशी: पहिल्या आठवड्यात फक्त ८-१० जनावरं, गोठ्यापासून फ्रीझरपर्यंतची सगळी साखळी तपासायला. दुसरा-तिसरा आठवडा नमुने, रविवार सोडून रोज सहा-सात धरले तरी ८७ ची बेरीज जुळते. चौथा-पाचवा प्रयोगशाळा, सहावा आकडेमोड आणि लेखन. मृग लागायच्या आत गोठ्यातलं काम संपलेलं हवं. एकदा नांगरणी सुरू झाली की बैल आणि माणसं दोन्ही मोकळी नसतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यक विद्यार्थ्यांचे असे उन्हाळी कार्यक्रम १० ते १२ आठवड्यांचे असतात, त्यांना पाठ्यवृत्ती मिळते आणि शेवटी राष्ट्रीय परिषदेत पोस्टर मांडता येतं. त्यांच्या प्रकल्पांचं माप आपल्या सहा आठवड्यांना लावू नका.

आकडेमोडीसाठी एका जनावराला एक ओळ. निकाल १ किंवा ०, आणि माहिती नसेल तर रकाना रिकामा. रिकाम्याच्या जागी शून्य पडलं की सगळं चुकतं. प्रमाण कधीही एकटं लिहू नका. ९० पैकी ९ पॉझिटिव्ह म्हणजे १० टक्के, पण ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असावं तो पट्टा, सुमारे ५ ते १८ टक्के आहे, तीही लिहा. घरांचा गुणक धरला तर ती आणखी रुंदावते. 'वहाळाचं पाणी पिणाऱ्यांत जास्त' असं काही दिसलं तर फिशरची चाचणी (लहान आकड्यांच्या दोन गटांची तुलना करणारी) लावा, पण ९ पॉझिटिव्हवरून कारण सिद्ध होत नाही. पुढच्या अभ्यासासाठी ती एक दिशा आहे, इतकंच म्हणा. ९० पैकी एकही पॉझिटिव्ह आलं नाही तर तोही निकाल आहे, फक्त नियंत्रण खण बरोबर चालले होते हे दाखवता यायला हवं.

लेप्टोऐवजी गोचिडांचा विषय घ्यावा असं कुणी सुचवलं तर एवढं पाहा. गुरांच्या अंगावरच्या गोचिडी चिमट्याने तोंडासकट काढून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवणं आणि सोबत रक्ताच्या काचा जीम्सा रंगाने पाहून थायलेरिया, बबेसिया हे रक्तातले परजीवी शोधणं हा सहा आठवड्यांचा उत्तम प्रकल्प आहे, खर्चही कमी. पण दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचे रुग्ण सापडलेले आहेत. त्याचा हंगाम काजू गोळा करण्याच्या दिवसांशीच जुळतो आणि माणसाला चावते ती मुख्यतः जंगलातल्या पाचोळ्यातली बारीक पिल्लू-अवस्था. तिथे रानात कापड फिरवून गोचिडी गोळा करणं विद्यार्थ्याचं काम नाही, आरोग्य विभाग सोबत असल्याशिवाय तर अजिबात नाही. गोचीड बोटांनी कधी चिरडू नका.

निकाल परत देण्याचं काम आराखड्यातच लिहा, त्याला दोन दिवस ठेवा. प्रत्येक घराला चिठ्ठी: बिल्ल्याचा क्रमांक, चाचणीचं नाव, निकाल, आणि खाली पशुधन विकास अधिकाऱ्यांची सही. काकी विचारतील, 'मग गाय इकूची काय?' त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, ते अधिकारी देतील. तुम्ही एवढं नक्की सांगू शकता: दूध उकळूनच प्या, पायाला जखम असताना गोठ्याच्या चिखलात अनवाणी उतरू नका, ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गोठ्यात काम करतो हे आधी सांगा. ब्रुसेला पॉझिटिव्ह आलेल्या घरी माणसांपैकी कुणाला रेंगाळणारा ताप किंवा सांधेदुखी आहे का, हे विचारून अधिकाऱ्यांना कळवा. उरलेल्या सिरमची यादी, डब्याचा क्रमांक आणि फ्रीझरचा कप्पा मार्गदर्शकांच्या नोंदवहीत लिहून सही घ्या. तो तिसरा भाग पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या विद्यार्थ्याला लागणार आहे.